डॉक्टरांच्या बाजूने निग्लिजन्सच्या केसेस लढण्यात करिअर आहे का? मनाला खात नाही का?

तुम्ही विचारलंय की नागपूरला एलएलबीचं शेवटचं वर्ष चालू आहे, मेडिकल निग्लिजन्समध्ये, म्हणजे उपचारातल्या निष्काळजीपणाच्या केसेसमध्ये, डॉक्टर-हॉस्पिटलच्या बाजूने उभं राहायचं डोक्यात आहे, तर त्यात पोट भरतं का आणि पेशंटच्या घरच्यांसमोर उभं राहताना कसंतरी होत नाही का. मी हेच काम करतो म्हणून लिहून राहिलो.

कामाची कमी नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता केसमध्ये फी घेऊन केलेली ट्रीटमेंट ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून हे दुकान चालू आहे ते चालूच आहे. त्यात आपलं नागपूर म्हणजे धंतोली-रामदासपेठेत दर चार पावलांवर हॉस्पिटल, अख्खा विदर्भ इथेच येतो, वरून छिंदवाडा-बालाघाटचे पेशंट वेगळे. जिल्हा ग्राहक आयोग इथे, राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठ (सर्किट बेंच) इथे, हायकोर्टाचं खंडपीठ इथे, मुंबईला पळायचं काम मेडिकल कौन्सिलची तक्रार असली तरच.

पण तुम्हाला वाटत असेल की खूप जोरदार उलटतपासण्या वगैरे, तर तसं काही नाही बाप्पा. ग्राहक आयोगात बहुतेक सगळं शपथपत्रावर चालतं आणि केस लढली जाते ती आयपीडी फाइलवर, म्हणजे भरती पेशंटच्या कागदांवर. माझा अर्धा दिवस दुसऱ्याचं घाणेरडं अक्षर वाचण्यात जातो. एक उदाहरण देतो, नावगाव सोडून. सिझरनंतर बाईला खूप ब्लीडिंग झालं, बाई गेली, आरोप असा की रक्त उशिरा मागवलं. डॉक्टरांची त्या रात्रीची नोट काय, तर फक्त 'जनरल कंडिशन पूअर' आणि खाली सही, ना वेळ ना काही. मी तर डोक्याला हातच लावला. मग नर्सिंग नोट्स काढल्या. नाइट ड्युटीच्या सिस्टरने निळ्या पेनाने ओळीने लिहून ठेवलं होतं, २.१० डॉक्टरांना कळवलं, २.१५ बीपी इतकं, २.२५ नातेवाइकाला चिठ्ठी देऊन ब्लड बँकेत पाठवलं, आणि ब्लड बँकेच्या रजिस्टरची वेळ त्याच्याशी जुळत होती. भूलतज्ज्ञांचा चार्टही जुळला. ती केस डॉक्टरांच्या डिग्र्यांनी नाही सुटली, त्या सिस्टरने सोडवली, आणि तिला बहुतेक आजही माहीत नसेल.

याची उलटी बाजू म्हणजे नोटीस आली की काही डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात, वकील साहेब, कन्सेंटवर (संमतीपत्रावर) अजून एक ओळ टाकून देऊ का? अजिबात नाही. नातेवाइकांनी रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं, म्हणजे त्यांच्याकडे झेरॉक्स आधीच असते, मग तुमची ओरिजिनल आणि त्यांची झेरॉक्स शेजारी ठेवली की संपलं, चांगली केससुद्धा हातची जाते. दुसरा त्रास तारखेचा. काही जण नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून देतात, रागाने म्हणा की भीतीने, आणि लेखी जबाबाला ३० दिवस अधिक फार तर १५, त्यापुढे एक दिवस नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं करून टाकलंय. चाळिसाव्या दिवशी फोन येतो आणि मग रविवारी बसून फाइल वाचा.

फौजदारी बाजू वेगळी. तिथे २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल पाठच करा. पेशंटला लावलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर रिकामं निघालं होतं, त्या केसमध्ये कोर्टाने सांगितलं की साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. कन्सेंटसाठी समीरा कोहली निकाल, २००८. तपासणीपुरती दुर्बीण घालायची संमती घेतली आणि बेशुद्धीतच गर्भाशय काढून टाकलं, आईची परवानगी घेऊन, पेशंट चांगली सज्ञान असताना! हे वाचल्याशिवाय कुठल्याही सर्जनसोबत मीटिंगला बसू नका.

आता मनाचं. खरं सांगायचं तर माझ्याकडे आलेल्या बऱ्याच फायलींमध्ये ट्रीटमेंट बरोबर असते आणि बोलणं चुकलेलं असतं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या पोराला तीन तास कोणी काही सांगितलं नाही, आणि मग एकदम बिल. तो माणूस काही खोटारडा नसतो, त्याला उत्तर पाहिजे असतं. म्हणून उलटतपासणी लेखी द्यायची वेळ आली तरी विधवा बाईला टोचणारे प्रश्न मी टाकत नाही, कामाचेही नसतात ते. आणि जिथे ऑपरेशननंतर पोटात मॉप (रक्त टिपायचं कापड) राहिला तिथे लढायचं काय? तिथे एक्स्पर्टसुद्धा लागत नाही. तिथे आपलं काम डॉक्टरांना समोर बसवून सांगायचं की साहेब, सेटल करा, तुमच्या इन्शुरन्स कंपनीला आजच पत्र टाका. डॉक्टर चिडतात. एकाने तर मलाच ऐकवलं की तुम्ही वकील बरे, २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुम्हाला ग्राहक कायद्यातून बाहेर काढलं, आम्ही आतच. मुद्दा बरोबर होता, काय बोलणार.

पैसा सुरुवातीला कमी, हे धरून चला. डॉक्टरांचा विमा असलेल्या कंपनीच्या वकील-पॅनलवर असलात तर फी थोडी आणि उशिरा, पण फायली सतत येतात, आणि एका गायनॅकचं काम नीट केलं की त्यांच्या ग्रुपमधून पुढचे चार फोन येतात. मेडिकल डिग्री लागत नाही, पण डिस्चार्ज समरी कोणाच्या मदतीशिवाय वाचता आली पाहिजे, ओळखीतला एखादा रेसिडेंट डॉक्टर पकडा, मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी हॉस्पिटलांमधला, आणि त्याला चहा पाजत शिका. त्याआधी सिव्हिल लाइन्सला आयोगात आठवडाभर मागच्या खुर्चीत बसून या, दोन्ही बाजू बघा. पेशंटच्या बाजूने लढणाऱ्या एखाद्या सीनियरकडे सुरुवात करायला मिळाली तर तीही चालेल, माझ्या मते तर तीच जास्त चांगली.