फरशीवाले गेले, भिंतीचं काय?

फरशीचं काम संपलं की रंगाच्या तक्रारी सुरू होतात. पत्रं निरनिराळी असली तरी बहुतेकांचा प्रश्न एकच: आता रंग कुठला लावू? रंगाखाली भिंतीची काय अवस्था आहे, हे फार थोडे जण बघतात. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

टाइलची खोकी घासून भिंतीवर काळे ओरखडे उठले आहेत. पुसून जातील का?

रंग खरवडला गेला नसेल तर बहुतेक जातील. मऊ स्पंज, कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. मॅट रंगावर जोर लावू नका. डाग जाईल आणि त्या जागी चकाकी येईल. ती पुसून जात नाही.

कटरची धूळ सगळ्या भिंतींवर बसली. ओल्या फडक्याने पुसली तर पांढरे पट्टे उमटले.

ओलं फडकं नंतर. सिमेंट मिसळलेल्या धुळीला पाणी लागलं की तिचा लगदा होतो आणि तो भिंतीला धरतो. आधी मऊ ब्रशचा व्हॅक्यूम वरून खाली फिरवा, मग घट्ट पिळलेलं फडकं, पाणी वारंवार बदलत. झाडूने धूळ उडवू नका आणि मास्क लावा, कारण तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसांना घातक आहे. मुळात घरात बसून कोरडी टाइल कापू द्यायचीच नाही.

जुनी स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी बसवलेली पट्टी) काढताना पुट्टीचे टवके उडाले. ठेकेदार म्हणतो, त्याच शेडने टच-अप करून देतो, कळणारही नाही.

कळेल. शेड नंबर तोच असला तरी भिंतीवरचा रंग उजेडाने, धुराने, पुसण्याने बदललेला असतो. बॅच बदलली की छटेत थोडा फरक पडतोच. शिवाय नवी पुट्टी जुन्या रंगापेक्षा जास्त शोषून घेते, त्यामुळे चकाकी जुळत नाही. मॅटवर एखाद्या वेळी निभावतं. सॅटिन किंवा ग्लॉसवर तिरपा उजेड पडला की ठिगळ दिसतं.

सुटे पोपडे काढा, कडा पॉलिश पेपरने उतरत्या करा, पुट्टी भरून घासा, प्रायमर लावा आणि मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवून घ्या. ‘या रंगात प्रायमर असतोच’ असं कोणी म्हणालं तर डब्यावरची सूचना वाचा. उघड्या पुट्टीवर चालतो असं तिथे लिहिलेलं नसेल, तर प्रायमर वेगळा लावायला सांगा.

फरशी बसून तीन आठवडे झाले. स्कर्टिंगच्या वर वीतभर रंग फुगलाय, मधेमधे पांढरी भुकटी दिसते. रंगारी म्हणतो, खरवडून पुट्टी आणि वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. उद्या काम संपेल. करून घेऊ का?

उद्या अजिबात नको. ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि प्रत्येक वेळी घाईचंच औषध सुचवलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फरशीखालच्या मसाल्यात पाणी असतं, कटरचं पाणी कोपऱ्यात साचतं, वर नव्या मसाल्यालाही पाणी मारतात. हे पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं आणि वाटेत विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून घेतं. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. तुमची पांढरी भुकटी ती हीच. हे क्षार रंगाच्या मागे साठले की रंग ढकलला जातो. ऑइल पेंट असेल तर ओल्या सिमेंटमधला अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाचा पदार्थ) त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. जिप्सम प्लास्टर ओलाव्याने मऊ पडतं. नख रुतलं तर तेवढा भाग काढावाच लागेल.

आता तो वॉटरप्रूफ रंग. पाणी आहे भिंतीच्या आत, आणि झाकण लावायचं बाहेरून! दुकानदार वॉरंटीची वर्षं मोठ्याने सांगतो. ओल्या भिंतीवर लावल्यास ती लागू होते का, हे लेखी मागा आणि तो किती उत्साह दाखवतो ते बघा.

सुटा रंग खरवडून भिंत उघडी ठेवा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. धुतलेत तर ते विरघळून पुन्हा आत जातील. खिडक्या उघडा, पंखा लावा. मग साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा. किमान १६ तासांनी आतून दव धरलं असेल किंवा भिंत गडद दिसली, तर आणखी थांबा. ही झाली घरगुती चाचणी. खात्रीसाठी ओलावा मोजायचं यंत्र असलेल्या जाणकाराला बोलवा. सिमेंट प्लास्टर नव्याने भरलं असेल, तर साधारण २८ दिवस रंगाचं नाव काढू नका. त्यानंतर अल्कलीला टिकणारा प्रायमर.

आणि ओल हटतच नसेल किंवा पसरत असेल, तर तो फरशीच्या मसाल्याचा ओलावा नाही. जुनी फरशी फोडताना एखाद्या पाइपला धक्का लागलेला असू शकतो. अशा वेळी रंगाऱ्याच्या आधी प्लंबर, आणि पाइपलाइनची दाबचाचणी. ओल विजेच्या प्लगजवळ असेल तर तो भाग मेन स्विचवरून बंद करून आजच इलेक्ट्रिशियन. यात ‘बघू पुढच्या आठवड्यात’ चालत नाही.

दाराच्या चौकटीवर ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरतात ते) सुकलंय. शेजारी म्हणतात ॲसिड लाव, इंटरनेटवर व्हिनेगर सांगतात.

दोन्ही नको. ॲसिडने ऑइल पेंट जाऊ शकतो, लोखंडी चौकट असेल तर गंजेल, आणि फरशीवर सांडलं तर सांध्यांमधलं नवं ग्राउटही खाल्लं जाईल. व्हिनेगरही ॲसिडच, सौम्य इतकंच. सिमेंटचं ग्राउट असेल तर ओलसर करून प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचका. इपॉक्सीचं, म्हणजे सिमेंटऐवजी कडक होणाऱ्या रेझिनचं असेल तर हात लावू नका, ज्याने भरलं त्यालाच बोलवा.

ठेकेदार म्हणतो, भिंत आमच्या कामात येत नाही, उरलेले पैसे आधी द्या.

त्याच्या माणसांनी केलेलं नुकसान ‘कामात’ असावं लागत नाही. पण नुसत्या तोंडी भांडणाने काही मिळत नाही. तारखेसह फोटो काढा: जवळून एक, संपूर्ण भिंतीचा एक. लेखी कळवा आणि दुरुस्तीसाठी मुदत द्या. स्वतंत्र रंगाऱ्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. सगळे पैसे अडवून ठेवणं तुमच्याच अंगाशी येऊ शकतं. किती रक्कम रोखता येईल ते करार बघून वकिलाला किंवा ग्राहक सल्ला केंद्राला विचारा. आणि कळवायला दोन महिने लावलेत, तर ‘हे नंतर झालं’ म्हणायची सोय तुम्हीच करून दिलीत.

घर खूप जुनं आहे. निघालेला ऑइल पेंट मीच घासून काढू का? घरात लहान बाळ आहे.

नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ बाळाच्या मेंदूला बाधते. आधी रंगाची तपासणी करून घ्या. तोवर खोली बंद ठेवा. पोपडे आधीच घासून झाले असतील तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. रक्ततपासणी करायची का, ते ठरवतील.

स्कर्टिंग आणि भिंतीमधली फट सिलिकॉनने भरली. त्यावर रंग बसत नाही.

बसणारही नाही. सिलिकॉन पूर्ण काढा आणि रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट भरा.

आधी फरशी की आधी रंग?

पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात आधी. शेवटचा हात फरशी आणि स्कर्टिंग झाल्यावर. शेवटच्या हाताआधी फरशी झाकायची, पण ग्राउट पुरतं वाळलंय का हे मिस्त्रीला विचारल्याशिवाय तिच्यावर प्लास्टिक अंथरू नका. ओलावा खाली कोंडला तर सांध्यांचा रंग डागाळतो.