वाचकांचे प्रश्न : ‘श्रीकांत’चा ‘श’ का होतो?

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या पावत्यांसाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. नावाचं आद्याक्षर काढलं, तर ‘श्रीकांत’चा नुसता ‘श’ छापला जातो. ‘कऱ्हाडे’ यादीत दिसतात, पण शोधल्यावर सापडत नाहीत. – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पायथन मोजतो ते कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या जागतिक लिपी-मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक. ‘श्रीकांत’मध्ये ते आठ : श, हलन्त, र, ईकार, क, काना, अनुस्वार, त. यूटीएफ-8मध्ये (हे क्रमांक बाइटमध्ये साठवण्याची एक पद्धत) प्रत्येकी 3, म्हणजे 24 बाइट. शून्याव्या जागी ‘श’ एवढाच बसलेला आहे.

तुम्हाला हवा तो ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एकच वाटणारं अक्षर. त्यासाठी ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल पिपने (पायथनचं पॅकेज बसवणारं साधन) बसवा आणि बॅकस्लॅश-मोठा एक्स हा पॅटर्न वापरा. पायथनसोबत येणाऱ्या ‘आरई’ या पॅटर्न शोधणाऱ्या मॉड्यूलमध्ये तो चालत नाही. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये 15.1पासून (2023) आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी ‘श्’ आणि ‘री’ असे दोन तुकडे देते. म्हणून तुकडा हलन्तावर संपला, तर पुढचा तुकडा त्याला जोडायचा, एवढी अट स्वतःच लिहा.

‘कऱ्हाडे’ची गोम वेगळी. हा अर्धा र तीन प्रकारे टाइप झालेला असतो : ऱ (युनिकोड क्रमांक 0931) आणि हलन्त; साधा र (0930), नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे हा अक्षरं जोडणारा कोड पॉइंट (200डी). पडद्यावर तिन्ही सारखेच. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची पद्धत) पहिले दोन एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. त्याच्या जागी 0931 आणि हलन्त घालणं तुमच्याकडेच. हे नाव साठवतानाही करा आणि शोधतानाही. एकाच बाजूला केलंत तर घोळ तसाच राहील.

प्रश्न : जावात एक अक्षर बदलायला सगळी स्ट्रिंग नव्याने बनते. ही उधळपट्टी कशाला? – एक विद्यार्थी, शिवाजीनगर, पुणे

उत्तर : स्ट्रिंग बदलू न देणं सुरक्षिततेसाठी आहे. मॅपमध्ये (किल्ली देऊन नोंद शोधायची यादी) किल्ली म्हणून ठेवलेली स्ट्रिंग नंतर बदलली, तर तिचा हॅश (नोंदीची जागा ठरवणारा आकडा) बदलेल आणि नोंद आत असूनही हाती लागणार नाही. फाइलचं नाव तपासून झाल्यावर दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागाने) ते बदललं, तर तपासणीच फुकट. शिवाय जागच्या जागी बदल वाटतो तेवढा स्वस्त नसतो : यूटीएफ-8मध्ये ‘ए’ हे रोमन अक्षर 1 बाइटचं, ‘अ’ 3 बाइटचा, मागचा सगळा मजकूर सरकवावाच लागतो. रस्ट या भाषेने बदलता येणारी स्ट्रिंग दिली, पण आकडा देऊन एक अक्षर उचलू दिलं नाही. आम्हाला तो निर्णय पटतो.

उधळपट्टी खरी होते ती लूपमध्ये. 100 कोड युनिटांच्या (जावा स्ट्रिंग मोजतो ते एकक) 10,000 ओळी अधिक चिन्हाने जोडत गेलात, तर दर फेरीला आधीचं सगळं पुन्हा कॉपी होतं : सुमारे 5 अब्ज युनिट, देवनागरीला प्रत्येकी 2 बाइट, म्हणजे 10 जीबीच्या आसपास. लूपबाहेर एकच स्ट्रिंगबिल्डर (जावातला बदलता येणारा मजकूर) करा, आत अपेंड करा, स्ट्रिंग शेवटी एकदाच बनवा. पायथनमध्ये ओळी लिस्टमध्ये गोळा करून शेवटी जॉइनने एकदाच जोडा.