कोलांटीआधी गाठोडं

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. दिवसभर सोफ्यावरून उड्या, नाहीतर डोकं टेकून कोलांटी मारायचा खटाटोप. मान मुरगळेल अशी धास्ती वाटते. क्लासचे सर म्हणतात, आत्ताच स्प्लिट (दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवणं) करून घेतले नाहीत तर अंग आखडेल. दोन खोल्यांच्या घरात तिला काय खेळवू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, उड्या बंद करू नका, खाली गादी टाका. स्प्लिटची घाई मुळीच नको. मी नऊ वर्षांची असताना माझे पाय असेच वरून दाबले होते. मांडीमागची शीर पुढे दोन महिने दुखत होती. बावीस वर्षं मी बालवर्ग घेतेय, एकाही मुलाचा पाय ओढलेला नाही.

तुमची धास्ती मात्र खरी आहे. कोलांटीत टाळूवर भार येताच कामा नये. म्हणून आधी मंगळागौरीतलं गाठोडं खेळा. पायांचे अंगठे धरायचे, पाठ गोल करायची आणि सतरंजीवर मागेपुढे डोलायचं. तुम्हीही बसा तिच्याबरोबर. आठवडाभर एवढंच पुरे.

मग गादीच्या एका टोकाखाली उशा सारून उतार करा. वरच्या बाजूला ती ओणवी. तळवे टेकलेले, ढुंगण वर, नजर स्वतःच्या बेंबीकडे. हनुवटीखाली घडी केलेला रुमाल, तो पडू द्यायचा नाही. रुमाल धरला की मान आत राहते आणि भार खांद्यांवर जातो. तुमचा एक हात तिच्या मानेमागे, दुसरा मांडीखाली. माझ्याकडे एक मुलगा तीन आठवडे आईच्या ओढणीआडून नुसता बघत होता. एके दिवशी पुढे आला आणि म्हणाला, "मला पण रुमाल." उठून बसला तेव्हा हनुवटी अजून गच्च दाबलेली! रुमाल काढून घ्यायला मलाच त्याला गुदगुल्या कराव्या लागल्या.

खेकडाही खेळा. हात मागे टेकून, पोट वर, पोटावर छोटी उशी. ती न पाडता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मनगटं, खांदे छान तयार होतात. लंगडीच्या चार-पाच उड्या या वयाला खूप झाल्या.

एका हाताला धरून गरगर फिरवणं मात्र घरात सगळ्यांनाच बंद करायला सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपराचं हाड अशा हिसक्याने सहज सरकतं.

आणि 'किती वेळ' विचाराल, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली 60 चांगली दमवणारी. म्हणजे तुमची लेक अगदी बरोबर वागतेय. फक्त मोजे काढून खेळू द्या, फरशीवर ते सटकतात.