हिरव्या ठिपक्याची धास्ती

"मॅडम, माझं काम आता तो एआय असिस्टंटच करतो. मग मी कशाला हवी?"

मी समुपदेशक. गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी हिंजवडीतल्या टेस्टरकडून ऐकलं, बँकेच्या बॅक ऑफिसमधल्या बाईंकडून ऐकलं, एका भाषांतरकाराकडूनही. त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय 44, घर कोथरूडला, विम्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. आठवड्यातले चार दिवस काम घरून. झोप नाही, छातीत धडधड. हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून झालेल्या, रिपोर्ट स्वच्छ. (धडधड असेल तर आधी डॉक्टर, मग मी, हे प्रत्येकाला सांगते.)

"मीटिंगची मिनिट्स माझी असायची. मिनिट्स असावीत तर हिच्यासारखी, म्हणायचे लोक. आता मीटिंग संपते ना संपते, तोवर ती तयार असतात. स्टेटस रिपोर्ट, क्लायंटचा मेल, सगळंच. मी फक्त नजर फिरवते."

"मग वाचलेल्या वेळात काय करता?"

बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हिरव्या ठिपक्याकडे बघते."

ऑफिसच्या मीटिंग आणि मेसेजसाठी वापरतात त्या टीम्स ॲपवर नावाशेजारी असतो तो ठिपका. थोडा वेळ माऊसला हात लागला नाही की पिवळा होतो. आमटीला फोडणी देताना त्यांचा लॅपटॉप ओट्यावर असायचा. सासूबाई म्हणायच्या, "देवापुढच्या निरांजनालासुद्धा कुणी इतकं जपत नाही गं."

पहिल्या दोन भेटी यंत्राबद्दल बोलण्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत मी त्यांची फाईल पुन्हा चाळली. त्रास चॅटजीपीटी आल्यापासूनचा, असं त्या सांगत होत्या. ते आलं नोव्हेंबर 2022 मध्ये. झोपेच्या गोळीची पहिली चिठ्ठी मात्र 2021 ची होती! इतक्या वर्षांच्या कामात मी एक शिकले आहे: माणूस भीतीचं नाव सांगतो तेव्हा भीतीची तारीखही विचारावी.

म्हणून विचारलं, "मार्च 2020 च्या आधी, ऑफिसात रोज काय घडायचं, ज्याने वाटायचं की आपण इथे हव्या आहोत?"

"तसं कुणी म्हणायचं नाही. पण लिफ्टपाशी साहेब विचारायचे, काय म्हणतोय क्लायंट? पोरं चहाला निघाली की माझ्यासाठी थांबायची."

ते बोलताना त्यांचा आवाज भरून आला. त्यांची नोकरी शाबूत होती, पगारही वेळेवर होत होता. दिवसभरात कुणीतरी आपल्याकडे बघतंय याच्या या छोट्या छोट्या खुणा तेवढ्या गेल्या होत्या. त्याबद्दल कुणाशी बोलावं असं त्यांना वाटलंच नाही, कारण तक्रार करण्याजोगं काही घडलेलंच नव्हतं. रिकाम्या झालेल्या त्या जागेत ठिपका येऊन बसला. यंत्र आलं ते त्याच्याही नंतर, आणि भीतीला आयतं नाव मिळालं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करते. 'हवं'चा 'हवंच' असा हट्ट झाला की माणूस त्रास करून घेतो, असं ते सांगायचे. त्यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी मराठी माणसाच्या भाषेत आणली. मला तर वाटतं, ती मराठीत जास्त सोपी होते, कारण आपल्याकडे 'च' आहे. कोथरूडच्या या बाईंना मी कागदावर लिहायला लावलं: 'माझी नोकरी टिकायलाच हवी.' मग त्यातला 'च' खोडायला सांगितला.

"खोडला. पण खरंच गेली तर?"

"तर त्रास होईल. मुलीची फी आहे, गृहकर्ज आहे, त्रास होणारच. नोकरी टिकेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. पण 'च' होता तेव्हा तुम्ही ठिपका राखत होतात. 'च' नसता तर हाच वेळ कोणत्या गोष्टीला दिला असता?"

उत्तर लगेच आलं नाही. पुढच्या भेटीत त्यांना यंत्राने लिहिलेली मिनिट्स आणायला सांगितली. "वाचा, आणि यात काय नाही ते सांगा." त्या तडाखेबंद बोलू लागल्या. क्लायंट 'फाइन' म्हणाला, पण आधी थबकला. म्हणजे तो खूश नाही. नागपूरहून काम करणाऱ्या मुलाने शुक्रवारपर्यंत देतो म्हटलं, पण कॅमेरा पहिल्यांदाच बंद ठेवला होता.

"मग त्याला विचारलंत?"

"मेसेज टाकला. असिस्टंटकडून नीट लिहून घेतला. त्याचंही छान उत्तर आलं." आणि मग थांबून, "तेही बहुतेक असिस्टंटनेच लिहिलं असेल."

मी म्हटलं, आता इथूनच फोन लावा.

फोन उचलताच तो मुलगा म्हणाला, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

त्याचे वडील आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. तो तिथल्या बाकड्यावर बसून काम करत होता. सांगितलं नव्हतं, कारण मॅडमना त्याचा ठिपका पिवळा दिसला असेल, ही भीती! फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ हातातल्या मोबाईलकडे बघत राहिल्या. "मी ज्याला घाबरते, तो त्याच्यासाठी मीच आहे," म्हणाल्या. मी काही बोलले नाही. अशा क्षणी गप्प बसता येणं ही माझ्या मते समुपदेशकाची खरी कमाई.

तुमचीही अशीच अवस्था असेल, तर धास्ती कधी सुरू झाली ती तारीख शोधा. यंत्राने वाचवलेल्या वेळातला थोडा वेळ रोज एका फोनला द्या, कामाशिवायच्या, आणि सुरुवातीलाच सांगा, "सहज केला." व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चौकोन लपवता येतो, तो लपवा. दिवसभर आरशासमोर बसून कुणाला काम सुचतं? यंत्राकडून मसुदा जरूर घ्या, पण ज्याचं मन दुखावू शकतं त्याच्याशी स्वतःच्या तोंडाने बोला. तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर ठिपक्यावरून कुणाला जोखत नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. ते मनातल्या मनात ठेवून उपयोग नाही. आणि रात्री फारच जड झालं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. कंपनीत कपात होणार आहे, नावं अजून कळलेली नाहीत. नागपूरच्या मुलाचे वडील घरी आलेत. झोप लागते का, मी विचारलं.

"लागते. मंगळवारी जरा उशिरा. न्यू जर्सीचा कॉल साडेनऊचा असतो, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहाचा."