नोंदणी कक्ष हाती घेताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून रुग्णालयाचा नोंदणी कक्ष तुझ्याकडे. पहिल्या दिवसापासून सगळे एकच विचारतील, रांग कधी कमी होणार? रांगेकडे मी येतेच. पण आधी हे पक्कं धर की खिडकीत लिहिलेलं नाव, वय आणि नोंदणी क्रमांक पुढे प्रयोगशाळा, एक्स-रे, रक्तपेढी, वॉर्ड आणि बिल असा सगळीकडे फिरतो. केसपेपरवर आहे म्हणजे बरोबरच असणार, असं धरून पुढचा माणूस काम करतो.

म्हणून पहिला नियम विचारण्याच्या पद्धतीचा. ‘सुनीता जाधव ना?’ असं कुणालाही विचारू देऊ नकोस. कमी ऐकू येणारी आजी, तापाने बेजार झालेला माणूस, गर्दीला बुजलेली बाई, तिघंही ‘हो’ म्हणतात. ‘पूर्ण नाव सांगा, वय सांगा’ असंच विचारायचं आणि मग कार्डाशी ताडून पाहायचं. छापलेला केसपेपर हातात देताना नावावर आणि वयावर बोट ठेवून दाखवायचं. वाचता येत नसेल तर हळू आवाजात वाचून दाखवायचं. मोबाईल नंबर मागच्या रांगेला ऐकू जायला नको.

सगळ्यात जास्त लक्ष दुबार नोंदींवर दे. आपल्याकडची नावंच त्याला कारण आहेत. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. एका खिडकीत आडनाव आधी लिहितात, दुसऱ्या खिडकीत शेवटी. इंग्रजी स्पेलिंग तर ज्याच्या त्याच्या मनावर. तेव्हा नवी नोंद उघडण्याआधी दोनदा शोध: एकदा मोबाईल नंबरने, एकदा पहिल्या नावाची सुरुवातीची तीन-चार अक्षरं टाकून, वय दोन वर्षं मागेपुढे धरून. नंबर जुळला म्हणजे माणूस जुळला असं नाही, कारण एका फोनवर अख्खं घर असतं. जन्मतारखेवरही विसंबू नकोस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली माणसं आपल्या राज्यात गावोगाव आहेत, आणि तारीखच माहीत नसली की ऑपरेटर 1 जानेवारी टाकून मोकळा होतो. नाव आणि 1 जून दोन्ही जुळले तरी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय जुनी नोंद उघडायची नाही.

इथे दोन चुकांतला फरक ओळख. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर जुने रिपोर्ट सापडत नाहीत, तपासण्या पुन्हा होतात, पैसे जातात. पण दोन माणसांच्या नोंदी एक झाल्या तर एकाचा रक्तगट आणि औषधाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर बसते. ही चूक जिवावर बेतू शकते. म्हणून खिडकीवर शंका आली तर नवी नोंद करून शंकेची टीप लिहायची, आणि नोंदी एकत्र करण्याचा अधिकार फक्त तुझ्याकडे आणि रेकॉर्ड विभागातल्या एका व्यक्तीकडे ठेवायचा. रोज सकाळी आदल्या दिवसाच्या नव्या नोंदी मोबाईल नंबरनुसार लावून बघ. त्याच यादीत 9999999999, म्हणजे नंबर न विचारता टाकलेला खोटा नंबर, किती वेळा आलाय तेही मोज. तो आकडा वाढला तर ऑपरेटरला रागावण्याआधी त्या तासाला त्याच्या खिडकीवर किती माणसं होती ते पाहा.

आता रांग. नव्या नोंदीला तीन मिनिटं धरलीस तर एका खिडकीतून तासाला वीसच माणसं होतात; घाई करून हा आकडा वाढत नाही, चुका वाढतात. नवे आणि जुने रुग्ण वेगळ्या खिडक्यांवर घे. रांगेतच एक माणूस उभा कर, जो कार्ड, जुना केसपेपर आणि कोणत्या विभागात जायचंय हे आधीच पाहून ठेवेल. मोबाईलवर नोंदणीचा क्यूआर स्कॅन करून आलेल्यांची माहिती आपोआप भरते, पण त्यांची जुनी नोंद आपोआप सापडेलच असं नाही. तिथेही शोध घ्यायचाच. 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही.

अपघात विभागात नियम उलटा: आधी उपचार, मग कागद. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. बेशुद्ध रुग्णाला नुसतं ‘अज्ञात पुरुष’ लिहू नकोस. एकाच अपघातातले दोघं आले की गोंधळ होतो. तारीख, वेळ, अनुक्रमांक जोड आणि तोच क्रमांक मनगटाच्या पट्टीवर घाल. ओळख पटली की त्याच क्रमांकावर नाव बदलायचं, नवा क्रमांक द्यायचा नाही, नाहीतर रक्तपेढीत गेलेला नमुना पोरका होतो. पोलीस केस आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. खिडकीने कुणी आणलं, किती वाजता आणलं, एवढं अचूक लिहायचं. अत्याचारग्रस्त बाईचं किंवा मुलाचं नाव पुकारायचं नाही आणि येण्याचं कारण टोकनवर छापायचं नाही.

प्रसूतीच्या नोंदीत आईचं नाव कागदपत्रांप्रमाणेच घे. तेच पुढे जन्मदाखल्यावर जातं. जन्माची माहिती 21 दिवसांत निबंधकाकडे पोचली पाहिजे, त्यामुळे चूक डिस्चार्जआधीच सापडायला हवी. जुळ्यांना ‘बाळ 1’, ‘बाळ 2’ आणि वेगळे क्रमांक.

दाखल होणाऱ्याला रेशनकार्ड पहिल्याच दिवशी विचार आणि रुग्णालय महात्मा फुले या मोफत उपचारांच्या सरकारी योजनेत असेल तर आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे पाठव. योजनेची मंजुरी कागदांतल्या नावाच्या फरकावर अडते, आणि नातेवाईक गावी परतल्यावर कार्ड मिळवणं अवघड जातं.

सर्व्हर बंद पडणारच. छापील फॉर्म आणि आधीच राखून ठेवलेले दोनशे क्रमांक प्रत्येक खिडकीच्या खणात असू देत. सुरू झाल्यावर एकाने भरायचं, दुसऱ्याने ताडायचं.

सोमवारी खुर्चीत बसण्याआधी तासभर रांगेत उभी राहा, बाहेरच्या बाजूने. खिडकीतला आवाज बाहेर ऐकू येतो का, तेवढं आधी बघ.

सस्नेह,
तुझी मावशी