शेवटच्या प्रवेशापासून मोजू नका

आपली हकीकत वाचताना माझेच जुने दिवस डोळ्यांपुढे उभे राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण ब्रिटिश नागरिक आहात, बरीच वर्षे भारतात काढून सव्वादोन वर्षांपूर्वी इंग्लंडला परतलात आणि मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे नऊ आठवडे भारतात होतात. आता ‘पिप’साठी, म्हणजे दीर्घ आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजची कामे कठीण झालेल्यांना मिळणाऱ्या पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट या सरकारी भत्त्यासाठी चौकशी करायला गेलात, तेव्हा मदतकक्षातून ‘शेवटचे आलात त्या तारखेपासून दोन वर्षे होऊ द्या’ असे सांगून आपल्याला परत पाठवले. मलाही अगदी हेच सांगण्यात आले होते. मी ते मुकाट्याने ऐकले, आणि तीच माझी सर्वांत महाग पडलेली चूक ठरली.

नियम असा आहे की अर्जाआधीच्या १५६ आठवड्यांपैकी निदान १०४ आठवडे माणूस ग्रेट ब्रिटनमध्ये असला पाहिजे. हे १०४ आठवडे सलग असावेत, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. मी परतल्यावर ६२ आठवडे इथे राहिले, मग आईच्या दुखण्यासाठी २४ आठवडे भारतात गेले, पुन्हा आले आणि ४६ आठवड्यांनी पिपच्या चौकशीसाठी एका कचेरीत पोहोचले. कचेरीचे नाव मी घेणार नाही. खिडकीवरच्या बाईंनी माझे विमानाचे कागद उलटसुलट पाहिले, दुसऱ्या प्रवेशाच्या तारखेवर पेनाचे टोक टेकवले आणि ‘इथून मोजायचे’ एवढेच सांगितले. त्या वेळी माझे १०८ आठवडे भरलेले होते. तात्पुरत्या गैरहजेरीचे पहिले १३ आठवडे हजेरीतच धरले जातात, ते तर मी यात मोजलेलेही नाहीत. तरीही मी घरी येऊन आणखी ५८ आठवडे थांबले. संधिवाताने मनगटे इतकी धरली होती की सकाळी नळ उघडायला शेजारणीला हाक मारावी लागे, आणि मी दिनदर्शिकेवर आठवडे खोडत बसले होते.

त्या ५८ आठवड्यांचा एक पेनीही मला मिळाला नाही, कारण पिपमध्ये मागच्या काळाची रक्कम मिळत नाही. ज्या दिवशी आपण अर्जासाठी फोन करता, तो दिवस दाव्याची तारीख धरला जातो. त्यापूर्वी आपण कितीही काळ पात्र असलात तरी त्याला किंमत नाही. शिवाय खिडकीवरचा तोंडी नकार हा निर्णयच नव्हे. लेखी निर्णय हाती असेल तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर ट्रिब्यूनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे जाता येते. मला नकार कागदावर मिळालाच नव्हता, त्यामुळे दाद कशाविरुद्ध मागणार? चुकीचा सल्ला दुसऱ्याने दिला आणि सगळा तोटा माझ्यासारख्या आजारी माणसाच्या अंगावर पडला, याचा संताप मला आजही येतो.

आपल्या बाबतीत सव्वादोन वर्षे म्हणजे सुमारे ११७ आठवडे होतात. त्यातून वडिलांसाठीचे नऊ आठवडे वजा केले तरी १०८ उरतात, आणि ते वजा करण्याचेही कारण दिसत नाही. मी कायद्याची जाणकार नाही. आपल्या नेमक्या तारखा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी जरूर तपासून घ्या, पण त्या भेटीची वाट पाहत फोन लांबणीवर टाकू नका. ब्रिटिश पासपोर्टवर इथल्या प्रवेशाचा शिक्का पडत नाही, म्हणून तिकिटे, घरभाड्याचा करार, दवाखान्यातील नोंदणीचे पत्र आणि बँकेचे उतारे तारीखवार लावून ठेवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई आहे, त्यांनी माझे पाहून अर्ज करू नये. पिप त्या निधीत मोडते आणि अर्ज केल्यास व्हिसाची अट मोडली जाऊ शकते. त्यांनी आधी स्थलांतर कायद्याच्या सल्लागाराला विचारावे. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी पिपऐवजी वेगळा भत्ता आहे आणि तिथे ५२ पैकी २६ आठवडे पुरतात.

फोननंतर येणारा फॉर्म एका महिन्यात परत पाठवायचा असतो. त्यात आजाराचे नाव आणि औषधांची यादी लिहून भागत नाही, हे मला उशिरा उमगले. एखादे काम सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमते का, हे तिथे पाहिले जाते. निरोगी माणसाला लागणाऱ्या वेळेच्या दुपटीहून अधिक वेळ लागत असेल, तर ते वाजवी वेळेत जमले असे धरत नाहीत. ‘स्वयंपाक करते’ असे मी आधी लिहिले होते. मग ते खोडून लिहिले की भरलेले पातेले दोन्ही हातांनीही उचलता येत नाही, गेल्या महिन्यात उकळते पाणी दोनदा पायावर सांडले आणि भाजी चिरायला पाऊण तास लागतो. भारतातील तपासण्यांचे अहवालही जोडा, कारण दुखणे किती जुने आहे ते त्यांतूनच दिसते.

फोन उद्याच करा, आणि फोन ठेवण्यापूर्वी दाव्याची तारीख कोणती नोंदवली आहे ते विचारून लिहून घ्या.