वाचकांची विचारणा : ट्रिस्टन दा कुन्हा, समुद्राच्या मर्जीवर चालणारे गाव

या महिन्यात आलेले सगळे प्रश्न एकाच ठिकाणाबद्दल घेतले आहेत. ट्रिस्टन दा कुन्हाबद्दल 'जगातली सर्वांत एकाकी वस्ती' एवढे एकच वाक्य सगळीकडे फिरत असते. तिथली माणसे जगतात कशी, आपसांत वाटून घेतात कसे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि खरी माहिती तर तिथेच आहे.

नकाशात ठिपकाही नीट दिसत नाही. हे एकच बेट आहे की अनेक?
– एक शिक्षक, नाशिक

अनेक आहेत, पण वस्ती एकाच बेटावर आहे. दक्षिण अटलांटिकमध्ये ३७ अंश दक्षिण अक्षांशाजवळ शोधा. केपटाउनहून पश्चिमेला सुमारे २,८०० किलोमीटर, आणि सर्वांत जवळची माणसांची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही सुमारे २,४०० किलोमीटरवर. मुख्य बेट जवळजवळ गोल असून त्याचे क्षेत्रफळ ९८ चौरस किलोमीटर आहे. खरे तर समुद्रतळापासून वर आलेला हा एकच ज्वालामुखी. त्याचे टोक, क्वीन मेरीज पीक, २,०६० मीटरच्या आसपास उंच आहे आणि थंडीत तिथे बर्फ असते. बहुतेक किनाऱ्यावर कडे सरळ पाण्यात उतरतात. घरे बांधता येतील अशी सपाट पट्टी वायव्येला आहे, तिथेच गाव वसले. त्याचे नाव एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ एडिनबरा १८६७ मध्ये येऊन गेला, त्यावरून ते पडले. गावकरी मात्र नुसते 'सेटलमेंट' म्हणतात.

शेजारी इनॅक्सेसिबल आणि नाइटिंगेल ही दोन लहान निर्मनुष्य बेटे आहेत. गफ बेट आणखी जवळजवळ ४०० किलोमीटर आग्नेयेला. तिथे १९५६ पासून दक्षिण आफ्रिकेचे हवामान केंद्र आहे आणि त्याची छोटी तुकडी दर वर्षी बदलते.

तिथे राज्य कोणाचे? निवडणूक होते का?
– सातारा

ब्रिटनचे. सेंट हेलेना, असेन्शन आणि ट्रिस्टन दा कुन्हा असा तिघांचा मिळून एक ब्रिटिश सागरपार प्रदेश आहे. १९३८ पासून ट्रिस्टन सेंट हेलेनाच्या हाताखाली होते. २००९ च्या घटनेने तिघांचा दर्जा बरोबरीचा झाला. गव्हर्नर सेंट हेलेनावर राहतो, ट्रिस्टनवर त्याच्या वतीने प्रशासक असतो. प्रशासक बाहेरून येतो आणि मुदत संपली की जातो. म्हणून गावाचा सूर समजायचा तर बेट मंडळाकडे बघावे. त्यात ८ सदस्य निवडून आलेले आणि ३ नेमलेले असतात, निवडून आलेल्यांत किमान एक स्त्री असावीच लागते. निवडणूक दर तीन वर्षांनी होते आणि तिच्यातूनच 'चीफ आयलंडर', म्हणजे गावाचा प्रमुख, ठरतो. प्रशासक बेटावर नसेल तेव्हा कारभार त्याच्याकडे येतो. चलन ब्रिटिश पाउंड. २००२ च्या कायद्याने बेटावरच्या लोकांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळाले.

सगळ्या गावात सातच आडनावे आहेत असे वाचले. खरे आहे का? हे लोक मुळात आले कुठून?
– पुणे

बऱ्याच काळापर्यंत अगदी खरे होते. अलीकडे लग्नाने आणखी दोन आडनावे आली. एकूण माणसे अडीचशेच्या आत.

पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिश्ताँव दा कुन्हाने १५०६ मध्ये बेट पाहिले, पण खवळलेल्या समुद्रामुळे त्याला उतरता आले नाही. नाव मात्र त्याचे राहिले. १८१६ मध्ये ब्रिटनने तिथे शिबंदी ठेवली. नेपोलियन तेव्हा सेंट हेलेनावर कैदेत होता आणि त्याला सोडवायला या बेटाचा तळ म्हणून उपयोग होऊ नये, असा हेतू होता. वर्षभरातच सैन्य परत बोलावले. स्कॉटलंडमधल्या केल्सोचा कॉर्पोरल विल्यम ग्लास बायको-मुलांसह मागे राहिला, आणखी दोघे सोबतीला थांबले. ७ नोव्हेंबर १८१७ रोजी या तिघांनी एक करार लिहिला : गुरेढोरे आणि सामान सर्वांचे समान, नफा समान वाटायचा, खर्च समान सोसायचा, आणि कोणीही दुसऱ्यापेक्षा वरचढ म्हणवून घ्यायचे नाही. हा कागद विसरू नका, पुढच्या उत्तरांत तो पुन्हा लागणार आहे.

१८२७ मध्ये पाच अविवाहित पुरुषांच्या विनंतीवरून एका जहाजाच्या कप्तानाने सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आणल्या. पुढची भर बहुतेक जहाजांनीच घातली. स्वेन इंग्लंडचा, ग्रीन मुळात हॉलंडचा ग्रून, रॉजर्स आणि हेगन अमेरिकन खलाशी. लावारेलो आणि रेपेत्तो इटलीतल्या कामोल्यीचे, १८९२ मध्ये त्यांचे 'इतालिया' जहाज इथे फुटले आणि ते राहून गेले. २०१७ मध्ये उघडलेल्या दवाखान्याला याच इटालियन गावाचे नाव दिले आहे.

मूठभर पूर्वजांतून वाढलेल्या गावात दम्याचे प्रमाण फार मोठे आहे. पहिल्या वसाहतदारांपैकी काहींना दमा होता आणि तो वंशात उतरत आला. टोरांटोच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात इथे येऊन दम्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला.

आमच्याकडे बटाटा हेच नगदी पीक. त्या बेटावरही बटाटाच मुख्य, असे ऐकले. जमीन कोणाच्या नावावर असते?
– एक शेतकरी, मंचर

कोणाच्याच नाही. सगळी जमीन समाईक, बाहेरच्याला विकत घेता येत नाही आणि तिथे कायम स्थायिकही होता येत नाही. गुरे-मेंढ्या किती पाळायच्या यालाही मर्यादा घातलेली आहे. एक कारण म्हणजे कुरण थोडे आहे. दुसरे, एखाद्या घराकडे फार जनावरे साठून बाकीच्यांपेक्षा ते मोठे होऊ नये. १८१७ चा कागद तो हाच.

बटाट्याचे तुकडे गावापासून चार-पाच किलोमीटरवर पश्चिमेच्या पट्टीत आहेत. त्यांना 'पॅचेस' म्हणतात, गावाची बस तिथवर जाते. प्रत्येक तुकड्याभोवती लाव्ह्याच्या दगडांचा गडगा असतो. पाऊस भरपूर पडतो, वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर, त्यामुळे पाण्याची ओढ नाही. पिकाचा खरा शत्रू वारा. तो समुद्राचे खारे तुषार आणतो आणि पाला करपवतो, म्हणून गडगा. तुकडे लहान ठेवण्याचा फायदाही हाच, कारण गडग्याचा आडोसा थोड्याच अंतरापर्यंत पुरतो. खतासाठी पूर्वीपासून मेंढ्यांचे लेंडीखत आणि नाइटिंगेलहून होडीने आणलेली पक्ष्यांची विष्ठा वापरत आले आहेत. तिथे ऋतू आपल्या उलटे, म्हणून आपल्याकडे पावसाळा संपत येतो तेव्हा त्यांची लावण. उंदीर मात्र १८८२ मध्ये फुटलेल्या एका जहाजातून उतरले, ते अजून गेले नाहीत.

बेटाची कमाई शेवंडीवर आहे म्हणतात. मासेमारी कशी चालते?
– मालवण

शेवंडच, म्हणजे लॉबस्टर. थंड पाण्यातली ही जात खडकाळ तळाशी केल्पच्या, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाच्या, रानात राहते. मुख्य बेटाभोवती गावकरी लहान इंजिनाच्या होड्यांतून पिंजरे आणि गोल कड्यांची जाळी टाकून ती पकडतात. लांबच्या तीन बेटांभोवती परवाना असलेल्या कंपनीचे मोठे जहाज काम करते. पकडीचा कोटा बेटानुसार ठरतो. ठरलेल्या मापाखालची शेवंड आणि अंडी धरलेली मादी परत पाण्यात सोडायची, हा नियम कडक पाळतात.

मासेमारीचा दिवस आधी ठरत नाही. पहाटे समुद्र पाहून निर्णय होतो आणि गावात टांगलेले गॅसचे रिकामे नळकांडे बडवतात. त्याला 'डाँग' म्हणतात. तो वाजला की सरकारी खात्यांतले पुरुषही होड्यांवर जातात आणि त्या दिवशी इतर कामे थांबतात. असे शांत दिवस थोडेच मिळतात, म्हणून ही धावपळ. माल गावातल्या कारखान्यात गोठवून परदेशी जातो. सगळी मदार एकाच कारखान्यावर असली की काय होते ते २००८ च्या फेब्रुवारीत दिसले : आग लागून कारखाना गेला, आणि गावाची वीज तिथल्याच जनित्रांवर असल्याने वीजही गेली. नवा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला.

१९६१ मध्ये सगळे गाव ब्रिटनला नेले होते. मग सुखसोयी सोडून ते परत का गेले?
– नागपूर

ऑगस्ट १९६१ पासून जमीन हादरत होती. ऑक्टोबरमध्ये गावालगतच जमीन फुगून फाटली. गावकऱ्यांनी एक रात्र बटाट्याच्या तुकड्यांजवळ काढली, मग मासेमारी जहाजांनी त्यांना नाइटिंगेलला नेले आणि तिथून 'चिसादाने' या डच जहाजाने केपटाउनला. ३ नोव्हेंबरला ते साउदम्प्टनला पोचले आणि पुढे कॅलशॉट इथल्या हवाई दलाच्या जुन्या वसाहतीत राहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी जन्मात शहर पाहिले नव्हते. सर्दी-खोकल्याची सवय नसलेल्या अंगांना इंग्लंडची थंडी बाधली, काही म्हातारी माणसे तिथेच गेली. नोकरी, पगार, टीव्ही होता, पण घड्याळावर चालणे आणि दाराला कुलूप लावणे त्यांना रुचले नाही.

१९६२ मध्ये रॉयल सोसायटीची शास्त्रीय मोहीम बेटावर गेली. लाव्ह्याने कारखाना आणि होड्या लावायच्या वाळूच्या जागा गिळल्या होत्या, घरे मात्र जवळजवळ सगळी शाबूत होती. त्याच डिसेंबरात मतदान झाले : परत जायच्या बाजूने १४८, विरोधात ५. बहुतेक सगळे १९६३ मध्ये परतले. होड्या लावायला जागाच उरली नव्हती, म्हणून १९६७ मध्ये छोटा धक्का बांधला. त्याचे नाव कॅलशॉट हार्बर.

भारतातून तिथे जाता येते का? नेमके काय करावे लागते?
– ठाणे

येते, पण हा प्रवास सुट्टीच्या मापात बसवू नका. विमानतळ नाही. केपटाउनहून वर्षाला आठ-दहा बोटी सुटतात, बहुतेक मालवाहू किंवा मासेमारीच्या, आणि त्यांत प्रवाशांना मोजक्याच जागा. सप्टेंबरात 'एस. ए. अगुल्हास २' ही दक्षिण आफ्रिकेची संशोधन नौका गफला जाताना ट्रिस्टनला थांबते. एका बाजूचा प्रवास आठवडाभराचा धरा.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी प्रशासकाच्या कार्यालयाकडे अर्ज : का यायचे, कधी, किती दिवस. अर्ज बेट मंडळापुढे जातो. मंजुरी हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका. मग बोटीची परतीसह जागा, राहण्याची सोय (गावकऱ्यांच्या घरी किंवा भाड्याच्या घरात), आणि गंभीर आजारात केपटाउनला हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. बेटावरून तुम्ही पुन्हा केपटाउनलाच येणार, म्हणून तो एकाहून अधिक प्रवेशांचा मागा. हे विसरले की परतीला अडकायला होते. पाउंडांत रोख जवळ असू द्या. बुटांच्या तळाची माती, कपड्यांना चिकटलेले बी घरीच साफ करा, बेटावर नवे तण किंवा कीड उतरू नये म्हणून तपासणी होते.

जागा पक्की असली तरी आजारी माणसाला किंवा बेटावरच्या कोणाला जायचे असेल तर पाहुण्याचा नंबर मागे जातो. हे योग्यच आहे, त्यांना दुसरा रस्ता नाही. पोचल्यावरही अडचण सरत नाही. धक्का उथळ, त्यामुळे जहाज बाहेर नांगर टाकते आणि शिडीवरून हेलकावणाऱ्या होडीत उतरावे लागते. वायव्येकडून लाट आली तर धक्का बंद, जहाज दिवसेंदिवस ताटकळते. परतीच्या विमानाला किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवा. गुडघे दुखत असतील तर शिडीचा विचार आधीच करा.

तिथल्या पक्ष्यांबद्दल थोडे सांगाल?
– अलिबाग

इनॅक्सेसिबलवर जगातला सर्वांत लहान न उडणारा पक्षी आहे. तो टिकला कारण तिथे उंदीर पोचले नाहीत. गफवर माणसांबरोबर आलेले साधे घरगुती उंदीर अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्री पक्ष्याची जिवंत पिल्ले कुरतडतात. २०२१ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून त्यांना संपवण्याचा प्रयत्न झाला, पण डिसेंबरात पुन्हा उंदीर दिसला. त्याआधी मार्च २०११ मध्ये ब्राझीलहून सिंगापूरला सोयाबीन नेणारे 'ओलिवा' जहाज नाइटिंगेलवर आदळले. तेलाने माखलेले हजारो रॉकहॉपर पेंग्विन गावकऱ्यांनी गावात आणून धुतले, तरी बहुतेक दगावले. २०२० मध्ये बेटाने भोवतालच्या ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्राला संरक्षण जाहीर केले. त्यातल्या ९० टक्के भागात मासेमारी बंद आहे.

मी तिकिटे जमवतो. ट्रिस्टनचे 'बटाटा तिकीट' खरे आहे का? आणि तिथे पत्र पाठवले तर पोचेल?
– अमरावती

खरे आहे. १९४६ मध्ये बेटाच्या तिकिटाचा जो नमुना मांडला गेला त्यावर किंमत एक पेनी आणि सोबत '४ बटाटे' अशी छापली होती, कारण बेटावर तेव्हा पैशाचा व्यवहार नव्हताच म्हटले तरी चालेल. अधिकृत तिकिटे १९५२ पासून निघाली आणि आजही ती उत्पन्नाचा एक भाग आहेत. पत्रावर गावाचे पूर्ण नाव, ट्रिस्टन दा कुन्हा, दक्षिण अटलांटिक, आणि २००५ मध्ये मिळालेला पोस्टकोड 'टीडीसीयू १झेडझेड' रोमन अक्षरांत लिहा. टपाल केपटाउनहून बोटीनेच जाते. एक बोट नुकतीच सुटली असेल तर पुढचीपर्यंत तुमचे पत्र तिथेच थांबेल, म्हणून उत्तराची वाट काही महिने पाहा.